‘क्लिक कोणी केलं?’

‘तुमचा मेलबॉक्स भरला आहे. चोवीस तासांत पासवर्ड टाकून खात्री करा, नाहीतर येणारे मेल बंद होतील.’

फेब्रुवारी २०१९. शुक्रवार, संध्याकाळचे सव्वासहा. बेलापूरच्या ऑफिसात मी, समोर तीन कंटेनरची कागदपत्रं आणि डोक्यात एकच विचार, सहा अडतीसची ठाणे लोकल. आमचं काम निर्यातदारांचा माल जहाजावर चढवून देण्याचं. फेब्रुवारी म्हणजे द्राक्षांचा सीझन, त्यामुळे मेलबॉक्स खरोखरच रोज ओसंडून वाहत असायचा. मेल बंद पडले तर? कंटेनर बंदरावर, द्राक्षं कंटेनरमध्ये आणि मी घरी!

केलं क्लिक.

ओळखीचं पान उघडलं. पासवर्ड मागितला, मी दिला. पान लुकलुकलं आणि पुन्हा पासवर्ड मागितला. घाईत चुकला असेल म्हणून पुन्हा दिला. मग नेहमीचा मेलबॉक्स उघडला. झालं म्हणून पर्स उचलली आणि पळाले. तुर्भ्याच्या आसपास, दारात लटकताना, मनात उगाच एक पाल चुकचुकली. ते पान जरा वेगळं होतं का? वरचा पत्ता भलताच लांबलचक होता का? सोमवारी आमच्या आयटीवाल्याला विचारावं का? पण विचारलं, तर तो सगळ्यांसमोर हसणार. ‘मॅडम, तुम्हीसुद्धा?’

जाऊ दे, म्हटलं.

माझ्या आजवरच्या नोकरीतले सगळ्यात महागडे दोन शब्द!

*

हॅकर म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? अंधारी खोली, डोक्यावर हूड, स्क्रीनवरून धबधब्यासारखी कोसळणारी हिरवी अक्षरं आणि शेवटी ‘अॅक्सेस ग्रँटेड’. सिनेमावाल्यांनी आपल्याला हेच शिकवलंय. माझ्याकडे आलेल्याने यातलं काहीही केलं नाही. त्याने दार फोडलं नाही, कुलूप तोडलं नाही. बेल वाजवली आणि किल्ली मागितली, एवढंच.

खरं तर ‘हॅक’ हा शब्द जन्माला आला तेव्हा त्यात चोरीचा वाससुद्धा नव्हता. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी खेळण्यातल्या रेल्वेचा क्लब होता, टेक मॉडेल रेलरोड क्लब. तिथली पोरं रूळ, स्विच, वायरी यांत रात्र-रात्र डोकं घालून बसायची. एखादी गोष्ट हुशारीने, आडवाटेने जमवून आणली की त्याला ते ‘हॅक’ म्हणायचे. आपल्याकडच्या ‘जुगाड’च्या जवळपासची गोष्ट. हीच पोरं पुढे कॉम्प्युटरकडे वळली आणि शब्दही बरोबर गेला. आजही कंपन्या पगार देऊन हॅकर ठेवतात, आमच्या भिंतीला भोक कुठे आहे ते चोराच्या आधी शोधून दे म्हणून.

पण भिंतीपेक्षा माणूस सोपा असतो, हे फार लवकर काही जणांच्या लक्षात आलं. केव्हिन मिटनिक हा त्यातला दादा माणूस. फेब्रुवारी १९९५ मध्ये अमेरिकेत एफबीआयने त्याला पकडलं आणि पुढची जवळपास पाच वर्षं तो तुरुंगात होता. कॉम्प्युटर त्याला येत होतेच, पण त्याचं खरं हत्यार होतं टेलिफोन. तो फोन उचलायचा, आपण त्याच कंपनीतले कुणीतरी आहोत असं भासवायचा, गोड बोलायचा, आणि समोरचा माणूस त्याला हवं ते सांगून टाकायचा. सुटल्यावर त्याने कंपन्यांना सुरक्षेचे सल्ले देण्याचा धंदा केला आणि २००२ मध्ये या फसवणुकीच्या कलेवर पुस्तकही लिहिलं. २०२३ मध्ये तो गेला. त्याचा फंडा मात्र जिवंत आहे, आता तो फोनऐवजी मेलने येतो.

आपल्याला तर हे नवीन नसावं. पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, आणि पुढे काही वर्षांनी ‘मीच भाऊ’ म्हणत एक तोतया उभा राहिलाच ना? चांगल्या शहाण्यासुरत्या माणसांनी त्याला मानलं. तोतयाला चेहरा हुबेहूब लागत नाही. समोरच्याच्या मनात विश्वास ठेवायची घाई असली की पुरतं. माझ्या मनात सहा अडतीसची घाई होती.

*

तीन आठवडे काहीच झालं नाही. हा सगळ्यात वाईट भाग.

आपल्याला वाटतं, पासवर्ड चोरला की चोर लगेच धुमाकूळ घालतो. माझा चोर शांतपणे बसून वाचत होता. कोणाला किती पैसे द्यायचेत, कधी द्यायचेत, मी कुणाला ‘सर’ म्हणते आणि कुणाला ‘दादा’, सगळं. त्याने माझ्या मेलबॉक्समध्ये एक साधा नियम लावून ठेवला होता. ‘इनव्हॉइस’ किंवा ‘पेमेंट’ हा शब्द असलेल्या प्रत्येक मेलची एक प्रत परस्पर बाहेरच्या पत्त्यावर जायची. असा नियम कोणालाही लावता येतो. ती सोय आपल्याच भल्यासाठी दिलेली असते.

निफाडकडचे आमचे एक जुने क्लायंट. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. अकरा वर्षांचा व्यवहार. त्यांच्या ऑफिसचं काम तेव्हा नुकतंच त्यांच्या मुलाने हातात घेतलं होतं. त्यांच्या तीन कंटेनरचं आमचं बिल झालं होतं सहा लाख पंच्याहत्तर हजार. एका शुक्रवारी मी सहज आठवण करायला फोन केला.

‘अण्णा, आपलं मागचं पेमेंट राहिलंय बहुतेक.’

‘अहो ताई, काय थट्टा करता? मंगळवारीच टाकले ना पैसे. तुम्ही सांगितलेल्या नव्या खात्यात.’

‘कुठलं नवं खातं?’

फोनवर दोन्हीकडे शांतता. ती शांतता मला आजही ऐकू येते.

मेल माझ्याच पत्त्यावरून गेला होता. आमच्या नेहमीच्या संवादाला जोडून, खाली माझं नाव, माझा हुद्दा, माझा फोन नंबर. ‘आमच्या खात्याचं ऑडिट चालू असल्यामुळे यावेळची रक्कम कृपया खालील खात्यात भरावी.’ अण्णांच्या मुलाला मेल केला की शेवटी रोमन लिपीत ‘अण्णांना नमस्कार’ लिहायची माझी सवय. चोरानेही तो नमस्कार लिहिला होता.

पैशांचं दुःख नंतर आलं. त्या क्षणी अंगावर काटा आला तो या नमस्काराने. कोणीतरी माझे कपडे घालून, माझ्या आवाजात, माझ्या माणसाशी बोलून गेलं होतं.

आणि एक सांगायलाच हवं. अण्णांचा मुलगा बावळट नव्हता. त्याने त्याच मेलवर उलट विचारलं होतं, ‘खातं बदललंय का? कन्फर्म करा.’ ते उत्तर माझ्यापर्यंत पोचलंच नाही. दुसऱ्या एका नियमाने ते थेट अशा फोल्डरमध्ये गेलं, जे मी कधी उघडतच नाही. चोराने तिथून त्याला उत्तर दिलं, ‘हो, बदललंय. मीटिंगमध्ये आहे, मेलवरच बोलू.’ पोराने खात्री केली होती, पण चोराकडेच!

*

तासाभरात सगळं ऑफिस कॉन्फरन्स रूममध्ये. सरांचा चेहरा पांढरा. आमचा आयटीवाला लॅपटॉपमध्ये डोकं खुपसून बसलेला. आणि सरांचा पहिला प्रश्न,

‘क्लिक कोणी केलं?’

मला त्या क्षणी सगळं आठवलं. ते पान, तो लांबलचक पत्ता, दोनदा टाकलेला पासवर्ड. हात वर करायला एक सेकंद पुरला असता. मी टेबलाच्या सनमायकाकडे बघत बसले.

मेल माझ्या नावाने गेला होता, पण आमच्याकडे सीझनमध्ये माझा मेलबॉक्स अकाउंट्सच्या कॉम्प्युटरवरही उघडा असायचा. बिलं पाठवायला सोपं पडतं म्हणून. पासवर्ड अकाउंट्समधल्या काकूंनाही माहीत होता. आणि काकू म्हणजे बावीस वर्षांची नोकरी, एका बोटाने टायपिंग आणि आलेल्या प्रत्येक ‘शुभ सकाळ’ला उत्तर. सगळ्यांच्या नजरा आपोआप तिकडे गेल्या. कोणी काही बोललं नाही, पण बोलायची गरजही नव्हती.

‘माझ्याच हातून झालं असेल,’ काकू म्हणाल्या. ‘मला कुठे काय कळतं यातलं.’

मी तेव्हाही गप्प बसले.

हॅकिंगने संस्थांचं काय होतं, याची उत्तरं रुपयांत मिळतात. माणसांचं काय होतं, ते त्या खोलीत बसल्याशिवाय कळत नाही. दोन दिवसांत आमच्या ऑफिसचा नूर बदलला. डबे वेगवेगळे खाल्ले जाऊ लागले. कोणाचा मेल आला की फोन, फोन आला की संशय. काकूंनी कॉम्प्युटरला हात लावणं बंद केलं, त्या सगळी बिलं हाताने लिहून दुसऱ्याकडे टाइप करायला देऊ लागल्या. निफाडला अण्णांच्या घरात काय चाललं असेल, त्याचा विचारही मला करवत नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी पॅन्ट्रीत काकू एकट्या भेटल्या. मी सांगून टाकलं. सगळं. तो शुक्रवार, ती लोकल, आणि मीटिंगमधला माझा गप्प चेहराही.

मला वाटलं होतं, ‘होतं गं असं’ म्हणून त्या पाठीवर हात ठेवतील. काकूंनी कप विसळला, उपडा ठेवला आणि म्हणाल्या, ‘दोन रात्री झोपले नाहीये मी.’ एवढंच बोलून बाहेर गेल्या. बरोबरच होतं त्यांचं.

तिथून मी सरळ सरांच्या केबिनमध्ये गेले. आयटीवाला तिथेच होता. आदल्या रात्रीच त्याला लॉगमध्ये दिसलं होतं की त्या शुक्रवारी संध्याकाळनंतर माझ्या मेलबॉक्समध्ये परदेशातून कोणीतरी शिरलं होतं. तो रागावला नाही. फक्त एक वाक्य बोलला, ‘मॅडम, त्याच दिवशी फोन केला असता ना, तर पासवर्ड बदलायचं पाच मिनिटांचं काम होतं.’

पाच मिनिटं आणि पावणेसात लाख. हा हिशेब मी आजवर कितीदा मांडलाय, ते विचारू नका.

*

त्यानंतर मला या विषयाचं वेडच लागलं. दुसऱ्यांच्या चुका वाचल्या की आपली हलकी वाटते, हा त्यातला स्वार्थ. पहिली भेटली ती मे २००० मधली ‘आय लव्ह यू’ची. या नावाचा मेल, सोबत एक प्रेमपत्र. उघडलं की मेल तुमच्या यादीतल्या सगळ्यांना तुमच्याच नावाने परस्पर जायचा. काही दिवसांत जगभरातले लाखो कॉम्प्युटर आडवे, ब्रिटिश संसदेला आपली मेल व्यवस्था बंद करावी लागली. हे करणारा होता मनिलामधला एक कॉलेजचा मुलगा, ओनेल दे गुझमान. इंटरनेटचे पैसे परवडत नव्हते म्हणून त्याला दुसऱ्यांचे पासवर्ड हवे होते! फिलिपिन्समध्ये तेव्हा अशा गुन्ह्याला कायदाच नव्हता, म्हणून तो सुटला. त्याच वर्षी, १७ ऑक्टोबर २००० पासून आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा लागू झाला.

मग वाटू लागलं, म्हणजे सगळा दोष शेवटी क्लिक करणाऱ्याचाच. तेवढ्यात मला आमच्याच धंद्यातली, आमच्याच बंदरातली गोष्ट पुन्हा आठवली.

२७ जून २०१७. मेर्स्क, जगातल्या सगळ्यात मोठ्या जहाज कंपन्यांपैकी एक. एका दुपारी तिचे कॉम्प्युटर एकामागोमाग एक काळे पडत गेले. जगभरातल्या तिच्या ७६ टर्मिनलपैकी १७ टर्मिनलचं काम अडलं, आणि त्यात आपल्या जेएनपीटीमधलं टर्मिनलही होतं. या व्हायरसचं नाव नॉटपेट्या. खंडणी मागायचं त्याचं नुसतं नाटक होतं, कारण पैसे भरूनही फायली परत मिळण्याची सोयच त्यात नव्हती. त्याचा हेतू होता फक्त नासधूस, आणि निशाणा होता युक्रेन. तिथल्या कंपन्या कर भरण्यासाठी जे हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरायच्या, त्याच्या अपडेटमध्येच तो घुसवला होता. २०१८ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनने रशियाच्या लष्कराकडे बोट दाखवलं आणि २०२० मध्ये अमेरिकेने रशियन लष्करी गुप्तचर खात्याच्या सहा अधिकाऱ्यांवर आरोपपत्र ठेवलं.

आता सांगा, इथे क्लिक कोणी केलं? कोणीच नाही! एक सॉफ्टवेअर नेमाने अपडेट झालं. जे ‘करा, करा’ म्हणून आपल्याला सांगतात, तेच झालं. बाकी काम आतल्या जाळ्याने केलं. एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर जायला मध्ये पुरेशी दारंच नव्हती. दहा दिवसांत मेर्स्कने ४५ हजार कॉम्प्युटर आणि ४ हजार सर्व्हर नव्याने उभे केले. तोवर माणसं स्वतःच्या व्हॉट्सअॅपवर आणि खाजगी मेलवर बुकिंग घेत होती. कंपनीचा फटका २५ ते ३० कोटी डॉलरचा. आणि यातली गंमत ऐका. ज्या माहितीवर सगळं जाळं पुन्हा उभं करायचं होतं, तिची जगभरात एकच प्रत वाचली होती, आफ्रिकेत घानामधल्या ऑफिसात. का? तर हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती. लोडशेडिंगला आपण जन्मभर शिव्या घातल्या. इथे त्यानेच एका कंपनीची लाज राखली.

मग पुण्याची कॉसमॉस बँक. १९०६ साली स्थापन झालेली सहकारी बँक. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे १२ हजार व्यवहार होऊन ७८ कोटी रुपये गेले. भारतातल्या एटीएममधून २,८४९ व्यवहारांत अडीच कोटी. आणि सोमवारी, १३ तारखेला, स्विफ्ट यंत्रणेतून १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगच्या एका खात्यात. एकूण ९४ कोटी ४२ लाख.

हे जमलं कसं? आपण एटीएममध्ये कार्ड घातलं की यंत्र बँकेला विचारतं, ‘देऊ का?’ बँक बघते आणि ‘हो’ किंवा ‘नाही’ सांगते. चोरांनी या विचारणा करणाऱ्याच्या आणि बँकेच्या मध्ये एक तोतया बसवला. तो प्रत्येकाला ‘हो’ म्हणत सुटला. पुन्हा तोतयाच! ग्राहकांच्या खात्यातले पैसे हलले नव्हते, गेले ते बँकेचे, असं बँकेने सांगितलं. पण एटीएम आणि नेट बँकिंग काही दिवस बंद ठेवावं लागलं. आयुष्याची पुंजी जिथे ठेवली आहे तिथलं मशीन ‘सेवा उपलब्ध नाही’ म्हणतंय, हे बघून एखाद्या पेन्शनर आजोबांना काय वाटलं असेल, ते कुठल्या कोटीत मोजायचं?

या प्रकरणातली एक गोष्ट मला फार टोचली. एटीएमपुढे बनावट कार्डं घेऊन उभे राहिलेले, पैसे काढणारे, हे कोणी कॉम्प्युटरचे किडे नव्हते. अगदी कोल्हापूरच्या एटीएममधूनही पैसे काढले गेले होते. २०२३ मध्ये पुण्याच्या कोर्टाने ११ जणांना दोषी ठरवलं. साखळीच्या वरच्या टोकाला बसलेले सापडणं कठीण, खालच्या टोकाचे पटकन सापडतात. आमच्या प्रकरणातही तेच. अण्णांचे पैसे ज्या खात्यात गेले, ते निघालं एका बांधकाम मजुराचं. पाच हजार रुपयांसाठी त्याने आपलं पासबुक आणि कार्ड कुणाला तरी वापरायला दिलं होतं. पोलिसांनी गाठला तो त्यालाच. म्हणजे त्या पावणेसात लाखांच्या चोरीत आणखी एक माणूस बुडाला.

*

आमच्या पैशांचं काय झालं? बँकेने खातं गोठवलं तेव्हा त्यात दोन लाख नव्वद हजार उरले होते. ते सगळे सोपस्कार होऊन आठ महिन्यांनी परत आले. राहिलेले तीन लाख पंच्याऐंशी हजार आम्ही आणि अण्णांनी निम्मे निम्मे सोसले. भांडण झालं नाही. पण पुढच्या सीझनला अण्णांचे कंटेनर दुसरीकडून गेले. कारण त्यांनी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. त्यांच्या मुलाकडून हिशेबाचं काम काढून घेतल्याचं नंतर कानावर आलं. त्या पोराची चूक काय, तर त्याने विश्वास ठेवला, आणि तोही माझ्या नमस्कारावर.

सरांनी मला काढलं नाही. एक दिवस मात्र केबिनमध्ये बोलावून म्हणाले, ‘मी त्या दिवशी प्रश्नच चुकीचा विचारला. क्लिक कोणी केलं, हे विचारल्यावर कोण हात वर करणार? विचारायला हवं होतं की, एका क्लिकने एवढं सगळं जाऊच कसं शकतं?’

त्या प्रश्नाची उत्तरं मात्र भराभर सापडली. एकाचा पासवर्ड तिघांना माहीत होता. पासवर्डनंतर मोबाइलवर येणारा दुसरा कोड, तो आम्ही ‘कटकट नको’ म्हणून बंद ठेवला होता. आणि लाखांचे व्यवहार नुसत्या एका मेलवर बदलत होते. यातलं कुठलंही एक दार लावलेलं असतं, तर माझं क्लिक नुसतं एक मूर्ख क्लिक राहिलं असतं. आज आमच्याकडे नियम आहे. खातं बदलल्याचा मेल आला, तर आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करायचा. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही! साधा, फुकट नियम. शेटजींच्या जमान्यात हुंडीवरची सही पटवून घ्यायचेच ना?

दुसरी गोष्ट वेळेची. पैसे गेल्यावर पहिले काही तास सोन्याचे असतात, कारण ते एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात पळत असतात. आता १९३० ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, तिथे लगेच फोन करता येतो, म्हणजे पुढच्या खात्यात पैसे अडवायची शक्यता वाढते. संस्थांनाही हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत सर्ट-इन या सरकारी यंत्रणेला कळवायचं बंधन २०२२ पासून आहे. सरकारने सहा तास दिलेत. मी तीन आठवडे घेतले होते, आणि वर तीन दिवस.

कारण अडतं ते तंत्रज्ञानाशी नाही, लाजेशी. खिसा कापला गेला तर आपण चारचौघांत ओरडतो. मेल हॅक झाला तर मात्र ‘शिकलेली असून फसलीस?’ हा प्रश्न कोणी विचारायच्या आधी आपणच स्वतःला विचारतो आणि गप्प बसतो. हॅकरला नेमकी हीच गप्प बसण्याची सवय हवी असते. तो आपल्या घाईवर आत शिरतो आणि आपल्या लाजेवर मुक्काम ठोकतो.

काकू दोन वर्षांनी रिटायर झाल्या. आमचं बोलणं पूर्वीसारखं व्हायला बराच वेळ गेला, आणि झालं तेही अगदी पूर्वीसारखं नाही. निरोप समारंभात मी त्यांना शाल दिली. त्या हसून म्हणाल्या, ‘पासवर्ड कुणाला सांगत नाही हो मी आता.’ सगळे हसले. मीही हसले, पण आत कुठेतरी लागलं.

मागच्या पावसाळ्यात आमच्याकडे एक नवीन मुलगी लागली. चौथाच दिवस. दुपारी माझ्या डेस्कपाशी येऊन उभी राहिली, हातात मोबाइल, ओठ सुकलेले.

‘मॅम, मी बहुतेक काहीतरी गडबड केलीये. कुरिअरची लिंक आली होती. मी क्लिक केलं. पासवर्ड पण टाकला. पाच मिनिटं झाली असतील.’

पाच मिनिटं!

मी आयटीवाल्याला हाक मारली. पासवर्ड बदलला, सगळीकडून लॉगआउट केलं, नियम तपासले. सगळं आवरायला तिचा चहा गार व्हायलाही वेळ लागला नाही. ती रडवेली होऊन ‘सॉरी मॅम, सॉरी’ करत होती.

‘बस गं,’ म्हटलं. ‘आधी चहा पी. मग मी तुला सहा अडतीसच्या लोकलची गोष्ट सांगते.’